साखर फुटते, घड्याळ उलटे वाचता येते

ढोकीच्या तेरणा कारखान्यासमोर उसाच्या गाड्या रखडल्या, की शेतकऱ्याला वजनातली घट दिसते. कांड्यात मात्र साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागलेले असते. आम्ल घातलेल्या द्रावणात ही फूट लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये पोलॅरिमीटरने मोजली. साखर जितकी शिल्लक, तितका तिच्या फुटण्याचा वेग.

असा वेग आला की ‘ई’ (सुमारे २.७१८) येतोच. शिल्लक भाग = ई चा (−क × वेळ) इतका घात; क हा वेगाचा स्थिरांक. वेळ ठाऊक असेल तर घातांकी फल शिल्लक सांगते. शिल्लक मोजली असेल, तर नैसर्गिक लॉगॅरिथम त्याच वाटेने मागे नेऊन वेळ काढून देतो. अर्ध्याचा लॉग −०.६९३, म्हणून क ताशी ०.१ असेल, तर निम्मी साखर फुटायला ६.९३ तास.

कलनशास्त्रातली गंमत पुढेच आहे. ‘ई’ चा क्ष-घात या घातांकी वक्राची उंची जिथे ५, तिथे त्याचा चढही ५. व्यस्त फलात आडवे-उभे अक्ष अदलाबदल होतात, म्हणून लॉगच्या वक्राचा ५ पाशी चढ १/५. लॉगचे विकलज १/क्ष का, हे पाठ करायची गरजच उरत नाही.