केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बाया

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की गाडी त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावरच थांबते. पण मला जास्त भारी वाटतं ते दौंड तालुक्यातलं केडगाव! 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली-विधवा आणल्या, त्यांच्यासाठी इथे 'मुक्ती' उभं राहिलं. नुसतं अन्नछत्र नव्हे हं. शेती, विणकाम, शिवणकाम शिकवलं. अंध मुलींना ब्रेलसुद्धा! आणि छापखाना तर कमालच. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या जुळारणींना स्वतंत्र प्रकरण मिळायलाच हवं.