मोहाच्या वासाचा वाघ

चिन्नोर तांदळाचा भात रटरटू लागला की चार घरं पलीकडे कळतं. त्या वासामागे जो रेणू आहे, त्याचं नाव २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन. बासमतीत तोच, आंबेमोहरातही तोच. आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलात वाघ शेपटी उभारून सागाच्या बुंध्यावर जो फवारा मारतो, त्यातसुद्धा तोच! कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी वर्षानुवर्षं वाघाच्या या गंधखुणेच्या मागे होते. हे नातं त्यांनी उलगडलं, आणि पुढे मोहाच्या फुलांतही त्यांना हाच रेणू सापडला. मार्च-एप्रिलात पहाटे गावची माणसं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात, तेव्हा झाडाखालच्या सड्याला आणि शेजारच्या बुंध्याला एकाच गंधाची झाक असू शकते.

वाघासाठी मात्र तो नुसता सुगंध नसतो. फवाऱ्यात स्निग्ध पदार्थ असतात, ते गंध धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. दुसरा वाघ येतो, हुंगतो, ओठ मुडपून तोंड उघडं ठेवतो. त्याच्या टाळूत गंध वाचणारं वेगळं इंद्रिय असतं. इथून कोण गेलं, नर की मादी, जोडीला तयार आहे का, हे त्याला तिथे उभ्याउभ्या उमगतं. एकमेकांसमोर न येता एकमेकांना ओळखून राहण्याची ही रीत आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी झुंजी टळतात.

बोरमध्ये या निरोपांना फार मोल आहे, कारण जागाच थोडी आहे. १९७० मध्ये इथे अभयारण्य झालं. २०१४ मध्ये बोर राज्याचा सहावा व्याघ्र प्रकल्प ठरला. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेची हद्दसुद्धा याहून मोठी. बोरधरणाचं पाणी, सागवान, तेंदू, बांबू, चितळ, सांबर, रोही, अस्वल असं सगळं आहे. पण दोन वर्षांचा वाघ आईला सोडतो, तेव्हा त्याला स्वतःचा मुलूख हवा असतो आणि तो इथे शिल्लक नसतो. मग तो निघतो. ईशान्येला पेंच, पूर्वेला उमरेड-कऱ्हांडला, आग्नेयेला ताडोबा, वायव्येला मेळघाट. नकाशावर बोर या सगळ्यांच्या मधोमध येतं. इतकं लहान जंगल इतकं मोलाचं का, याचं उत्तर माझ्या मते त्या नकाशातच आहे.

वाघ किती चालू शकतो? २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. त्याच्या वाटेत कापसाची, तुरीची शेतं होती, नाले होते, गावं होती आणि रस्ते होते.

बोरचा बाजीराव नावाचा वाघ एवढा सुदैवी नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाची धडक बसून तो मेला. गंधखुणा वाघाला दुसऱ्या वाघाबद्दल सावध करतात, भरधाव ट्रकबद्दल नाही. यावर उपाय आहे. पेंचलगतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल बांधले, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ खालून निवांत जाताना दिसले. वाट ठेवली की वाघ ती वापरतो. असं काही पाहिलं की मला खरोखर आनंद होतो.

बोरला जाल तेव्हा परतताना लोक हमखास विचारतील, ‘साइटिंग झालं का?’ वाघ दिसला तर उत्तमच. पण सोबतचा गाइड बहुधा जवळच्याच गावचा असतो. खुणेचं झाड कोणतं, ठसा ताजा आहे की कालचा, हे त्याला विचारा, आणि तो सांगतो ते नीट ऐका. तुमच्या येण्याने त्याच्या घरी चार पैसे जातात, तेव्हा शेजारचं जंगल राखणं त्याच्याही फायद्याचं होतं.

आणि एक विनंती. परतीच्या वाटेवर अंधार पडला असेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी असेल, तर गाडी हळू चालवा. त्या वेळी एखादा तरुण वाघ रस्ता ओलांडत असू शकतो.