गिअरबॉक्स गेला, की नुसती तार तुटली?

मोटारीच्या मालकाला पंक्चरचे फारसे भय वाटत नाही. भय वाटते ते ‘गिअरबॉक्स गेला’ या दोन शब्दांचे! त्यातून गाडी आपोआप गिअर बदलणारी असेल, तर हे शब्द कानी पडताच महिन्याचे नव्हे, वर्षाचे अंदाजपत्रक कोसळते. पण वाचकहो, ज्याला मेला म्हणून सांगतात तो पुष्कळदा नुसता खोळंबलेला असतो. आतली चक्रे शाबूत असतात. त्यांच्याकडे जाणारा विजेचा निरोप तेवढा वाटेत अडकलेला असतो.

हा निरोप पोचवतो सोलेनॉइड. नाव मोठे भारदस्त, पण वस्तू अगदी साधी. तारेचे एक वेटोळे आणि त्याच्या पोटात लोखंडाची सरकती कांडी. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचा लोहचुंबक होतो, कांडी सरकते आणि तेलाची एक वाट उघडते किंवा मिटते. पुढे त्या तेलाचा दाब क्लच आवळतो आणि गिअर बदलतो. दारावरची ‘डिंगडाँग’ घंटा वाजते तीही याच तत्त्वावर.

१९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ आणला, तेव्हा गिअर केव्हा बदलायचा हे सारे तेलाचा दाबच ठरवी. पुढे तो अधिकार गाडीतल्या संगणकाकडे गेला. त्याच कंपनीने १९९३ साली आणलेला ‘फोर-एल-सिक्स्टी-ई’ हा चार गतींचा गिअरबॉक्स आपण उदाहरणादाखल घेऊ.

यात गिअर ठरवणारे सोलेनॉइड दोनच: ए आणि बी. दोन्ही चालू, तर पहिला गिअर. ए बंद आणि बी चालू, तर दुसरा. दोन्ही बंद, तर तिसरा. ए चालू आणि बी बंद, तर चौथा. आता गंमत पाहा. वीज पार तुटली, तर दोन्ही बंद. म्हणजे गाडी तिसऱ्यात अडकणार! पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ आणि तिसऱ्याचे १, म्हणजे सिग्नलवरून निघताना चाकांना मिळणारा जोर जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. गाडी म्हाताऱ्या बैलासारखी उठते आणि मालकाला वाटते, संपले सारे! पण अशी रखडत का होईना, ती घरी पोचते.

मग निदान कसे करावे? वैद्य आधी नाडी पाहतो, काढा मागाहून देतो. इथेही तोच क्रम हवा.

पहिली पायरी, संगणकाने नोंदलेला सांकेतिक क्रमांक वाचणे. ‘पी ०७५३’ म्हणजे ए सोलेनॉइडच्या विद्युतमार्गात दोष, ‘पी ०७५८’ म्हणजे बी च्या. नीट लक्षात घ्या: दोष ‘मार्गात’ आहे, सोलेनॉइडमध्येच आहे असे नव्हे. या मार्गात फ्यूज आला, तार आली, जोडणीचा प्लग आला आणि खुद्द संगणकही आला.

दुसरी पायरी, फ्यूज. दोन्ही क्रमांक एकदमच आले, तर दोन निरोगी सोलेनॉइड एकाच मुहूर्तावर कसे बिघडतील? दोघांना वीज पुरवणारी वाट एकच असते. आधी ती पाहावी.

तिसरी पायरी, गिअरबॉक्सवरचा प्लग. इंजिन बंद करून तो काढावा. आत गंज, तेल किंवा वाकलेली पिन दिसली, तर चोर तिथेच सापडला!

चौथी पायरी, मीटर लावून विजेला होणारा विरोध मोजणे. सुमारे २० अंश सेल्सियसला तो १९ ते २४ ओहम भरावा. मीटर अनंत दाखवील, तर तार कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आला, तर वाटेत शॉर्ट आहे. तारेचा गिअरबॉक्सच्या कवचाशी मात्र मुळीच संबंध लागता कामा नये.

यात एक खोच आहे. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. थंडपणी २० ओहम दाखवणारे वेटोळे १०० अंशांवर सुमारे २६ दाखवील. तो रोग नव्हे, स्वभाव आहे! उलट, गाडी तापल्यावरच दुखणे उद्भवत असेल, तर थंड गाडीवर घेतलेले माप फसवे ठरते. अशा वेळी ती तापलेली असताना, तारा हलवून पाहत, पुन्हा मोजावे.

समजा सोलेनॉइडच गेला. तरीही या गिअरबॉक्समध्ये खालचे तेलपात्र उतरवून तो बदलता येतो. अख्खा गिअरबॉक्स गाडीतून काढावा लागत नाही. आणि विजेच्या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही गिअर बदलत नसेल, तेव्हाच तेलातला कचरा, अडकलेली झडप, झिजलेले क्लच यांच्याकडे वळावे.

हे आकडे अर्थातच या एका गिअरबॉक्सचे. आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत. शिवाय आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांत साध्याच गिअरबॉक्सला यांत्रिक हात जोडलेला असतो. त्यांची रचना निराळी. पण क्रम सगळीकडे तोच.

मीटर स्वतः हाती धरण्याची गरज नाही. कारागिराला तीनच प्रश्न विचारा: क्रमांक कोणता आला? प्लग उघडून पाहिलात का? विरोध किती ओहम भरला, आणि तेव्हा गाडी थंड होती की तापलेली? ही उत्तरे मिळेपर्यंत नव्या गिअरबॉक्ससाठी बँकेची पायरी चढू नका.