इंजिन न उघडता गळती शोधणे

गाडीची ओढ कमी झाली, चढावर ती दम टाकू लागली, की ‘इंजिन खोलावे लागेल’ असे अनेकदा लगेच सांगितले जाते. मालकाच्या दृष्टीने हा खिशाचा प्रश्न असतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर काम मोठे. वॉल्व्ह नीट बसत नसेल तर बहुधा वरचे हेड काढून भागते. हा निवाडा आधीच करता येतो.

पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढतात, ठिणगी व पेट्रोल बंद करतात. मग प्लगच्या भोकात दाबमापक लावून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन फिरवतात. धडधाकट सिलिंडर वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहा-बारा पट दाब दाखवतो. समजा, एकच सिलिंडर सहापट दाखवतो. हवा निसटते आहे हे कळले, पण कोठून?

आता त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजतात. सायकलच्या पंपाचा वायसर वाळला की आपण तेलाचे थेंब सोडतो, तसेच हे. तेल पिस्टनवर पसरते आणि रिंगांच्या फटीत शिरते. ते दाट असल्याने अरुंद फटीतून लगेच वाहून जात नाही. दाब बराच वाढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत. वॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. तेथे तेल पोहोचत नाही.

येथे एक मेख आहे. ८०० घनसेंमीच्या तीन सिलिंडरी इंजिनात पिस्टन एका फेरीत सुमारे २६५ घनसेंमी हवा ढकलतो. संपीडन गुणोत्तर ९ असेल तर वर उरणारी जागा २६५ ÷ ८, म्हणजे सुमारे ३३ घनसेंमी. त्यात ५ घनसेंमी तेल आले की २८ उरतात आणि गुणोत्तर साडेदहाच्या जवळ जाते. म्हणजे निर्दोष सिलिंडरचाही आकडा वाढणारच! म्हणून सगळ्या सिलिंडरांत सारखेच तेल घालून वाढींची तुलना करावी. घाईत हेच राहून जाते.

शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी असून तेलाने फरक पडत नसेल, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा.

खात्रीसाठी, दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असताना सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडतात आणि कान देतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले, तर गॅस्केट फाटले आहे किंवा हेडला तडा गेला आहे.