शिफ्टच्या गावातला लाल चेंडू

भिलाईच्या सेक्टरांमध्ये मोबाइल आला तो घराचा फोन म्हणून. २००३ ते २००८ या काळात आमच्या आसपासच्या क्वार्टरांत बहुधा एकच हँडसेट असे. तो बाबांच्या खिशात राही, आणि त्यात नोकियाचा ‘बाउन्स’ असला की त्या लाल चेंडूवर मात्र अख्ख्या घराचा हक्क असे. या वीसेक वर्षांत फोन कितीतरी बदलले, खेळ त्याहून जास्त बदलले. तरी त्या पिढीतली माणसं भेटली की बोलणं फिरून त्या चेंडूपाशी येतं. त्याच्या चित्रांत किंवा आवाजात काही फार मोठं होतं असं नाही. तो वाटून खेळावा लागे आणि तो संपत असे, म्हणून तो इतका लक्षात राहिला असं मला वाटतं.

चेंडू उडवण्याचा खेळ हातात मावायला लागला तो त्याआधीच. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि बाजारात सेलवर चालणारे ‘ब्रिक गेम’ मिळत. दहा रकाने, वीस ओळी, राखाडी पडदा. त्यातल्या एका खेळात एका ठिपक्याचा चेंडू खालच्या पट्टीवर आपटून वरच्या विटा फोडत जाई. त्या खेळाचा मूळपुरुष म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ सालचा ‘ब्रेकआउट’. दहा वर्षांनी जपानच्या टायटो कंपनीने ‘अर्कनॉइड’ काढून तो घराघरांत नेला. भिलाईच्या मुलांना ही वंशावळ ठाऊक नव्हती. पण चेंडू कोणत्या कोनातून आला की कुठे जाईल याचा अंदाज बोटांत मुरला तो त्या राखाडी पडद्यावर.

मोबाइल मात्र लांबची गोष्ट होती. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून झाला, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि पगारदार घरांत मोबाइल घ्यायला धीर आला. भिलाई हे तर पगारदारांचंच शहर. १९५५ मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि मग कारखान्याभोवती सेक्टर वसत गेले. तेलुगू, मल्याळी, बंगाली, बिहारी, पंजाबी, छत्तीसगढी आणि विदर्भातून आलेली आमच्यासारखी मराठी घरं एकाच नकाशाच्या क्वार्टरांत भिंतीला भिंत लावून राहिली. सगळ्यांचं घड्याळ एकच होतं, कारखान्याच्या शिफ्टचं.

त्या घड्याळावरच आमचा खेळ चाले. बाबांची पहिली शिफ्ट असली की ते पहाटे निघत आणि दुपारी दोननंतर घरी येत. जेवून ते आडवे झाले की फोन मोकळा. दुसरी शिफ्ट असेल तर सकाळची वेळ सापडे, पण तेव्हा शाळा. नाईट शिफ्टच्या आठवड्यात बाबा दिवसा झोपत, आणि फोनचा आवाज बंद करून खेळण्याची परवानगी मिळे. कॅलेंडरवर शिफ्टच्या खुणा आई करी, कारण डबा त्याप्रमाणे लागे. आम्हीही त्या खुणा बघत असू, आमच्या कारणासाठी.

आता खुद्द खेळाबद्दल. नोकियाचे ७२१० आणि ६६१० हे दोन्ही फोन २००२ मध्ये आले. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग ४०९६. ‘बाउन्स’ त्यात घातलेलाच येई. जावामध्ये लिहिलेला हा खेळ शंभर किलोबाइटपेक्षाही लहान होता. चेंडूला डावीकडे, उजवीकडे आणि उडी एवढ्या तीनच हालचाली येत. वाटेतल्या सगळ्या रिंगांमधून जायचं, मग लेव्हलच्या टोकाचं दार उघडतं. काट्याला लागलात की एक जान गेली. स्फटिकाला स्पर्श केला की पुढच्या वेळी तिथून सुरुवात.

इतक्या थोड्या नियमांत कोडी मात्र खरी होती. चेंडू दोन आकारांचा. लहान चेंडू अरुंद बोळातून आणि छोट्या रिंगेतून जाई, पण पाण्यात बुडे. मोठा चेंडू पाण्यावर तरंगे, पण बोळाच्या तोंडाशी अडे. चेंडू फुगवण्याच्या आणि त्यातली हवा काढण्याच्या जागा ठरलेल्या असत. तेव्हा आधी मोठं होऊन तळ्यावरची रिंग घ्यायची, की लहान राहून तळाशी जायचं, हा क्रम चुकला की सगळा रस्ता पुन्हा चालावा लागे. रबरी जमिनीवर एकामागून एक उड्या मारल्या की उंची वाढत जाई, आणि तिथे बोट नेमक्या क्षणी दाबणं हेच कसब. खाली-वर सरकणाऱ्या काट्यांपुढे घाई करणारा हरायचा. त्यांची लय पाहून थांबणारा पार व्हायचा.

लेव्हल फक्त अकरा. याचा अर्थ असा की अख्ख्या गल्लीला तोच रस्ता, तीच वळणं. त्यामुळे खेळाबद्दल बोलता येई. पाण्याच्या लेव्हलमध्ये वरच्या कोपऱ्यात रिंग राहते, हे शेजारच्या तेलुगू घरातल्या ताईने सांगावं आणि आम्ही ते संध्याकाळी तपासून पाहावं. ज्यांच्या घरी हा खेळ नव्हता तीही मुलं खांद्यावरून बघून सगळे रस्ते पाठ करून बसत आणि खेळणाऱ्याला आधीच बजावत. खेळणारा एक, बघणारे चार, आणि जान गेली की फोन पुढच्याच्या हातात. कोणी हा नियम घातला नव्हता. फोन एकच असल्यामुळे तो आपोआप तयार झाला होता. धाकट्या भावंडाला सोप्या लेव्हल द्यायच्या आणि काट्यांची लेव्हल आली की दादाला हाक मारायची, हेही त्यातच आलं. मध्येच मामाचा फोन आला तर खेळ थांबे. आई बोलून होईपर्यंत सगळे दाराशी उभे राहत आणि पुढची उडी कशी मारायची यावर चर्चा करत.

उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला जाताना या खेळाचा खरा सुकाळ होई. भारतीय रेल्वेचे रूळ भिलाईत तयार होतात, आणि त्याच रुळांवरून दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकत गाडी बोरतलाव-दरेकसाच्या जंगलात शिरे. तिथे फोनला नेटवर्क नसे. पुढे गोंदियाकडे महाराष्ट्र लागला की रोमिंग सुरू होई, कारण छत्तीसगढ मध्य प्रदेशच्या टेलिकॉम सर्कलमध्ये मोडतं. येणाऱ्या फोनचेही पैसे, म्हणून बाबा कोणाचाही फोन घेत नसत. मग नागपूर येईपर्यंत हँडसेट निव्वळ खेळाचा राही, आणि समोरच्या बर्थवरची अनोळखी मुलंही सरकत जवळ येत. पुढे जून २०१५ पासून बीएसएनएलने रोमिंगमध्ये इनकमिंग मोफत केलं. तोवर फोनमध्ये खेळाखेरीज करण्यासारखं पुष्कळ आलेलं होतं.

एक फोन अनेकांनी वापरायचा, हे नोकियालाही ठाऊक होतं. २००७ मध्ये आलेल्या नोकिया १२०० मध्ये पाच वेगवेगळ्या फोनबुकांची सोय होती आणि प्रत्येक कॉलला वेळेची किंवा खर्चाची मर्यादा घालता येई. सामायिक वापरासाठी मुद्दाम केलेली ही योजना. त्याच स्वस्त फोनवर ‘रॅपिड रोल’ होता: वर सरकणाऱ्या फळ्यांवरून चेंडू खाली उतरवत राहायचं. तो खेळ मात्र न संपणारा, शेवटी उरे फक्त गुणसंख्या. २००८ मध्ये ‘बाउन्स टेल्स’ आला. तो केला होता फिनलंडच्या रोव्हिओने, ज्यांनी पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘अँग्री बर्ड्‌स’ काढून जग जिंकलं. ‘टेल्स’मध्ये चेंडूला चेहरा आला, डोंगर-उतार आले, गोळा करायला अंडी आली आणि चेंडूची जड व हलकी रूपं आली. तोही गोष्टीसारखा पुढे जाई आणि शेवटाला पोचे.

मग सुपेल्याच्या आकाशगंगा मार्केटमध्ये, पॉवर हाऊसच्या बाजारात आणि सिव्हिक सेंटरला मोबाइलची दुकानं वाढली. मेमरी कार्डात गाण्यांबरोबर जावा गेमही भरून मिळू लागले. खेळ शेकड्याने आले तशी एकेका खेळाशी असलेली ओळख पातळ झाली. दादा इंजिनिअरिंगला गेला तो स्वतःचा फोन घेऊन, ताईलाही मिळाला. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा हँडसेटचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकियाचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना बंद पडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला.

आजही चेंडू उडवण्याचे खेळ भरपूर आहेत, आणि त्यांतले काही सुंदर आहेत. पण बहुतेकांचा हिशेब वेगळा आहे. लेव्हल हजारोंनी, दर काही दिवसांनी नव्या. जान संपली की जाहिरात पाहा, नाहीतर पैसे भरा. खेळणारा उठू नये हाच त्या रचनेचा हेतू. ‘बाउन्स’ करणाऱ्यांना तुमचा वेळ विकायचा नव्हता. तो फोनबरोबर फुकट आलेला खेळ होता आणि अकरावी लेव्हल पार झाल्यावर त्याचं तुमच्याकडे काहीही मागणं उरत नसे. मूल फोन ठेवून मैदानात जाऊ शके, कारण काम पुरं झालेलं असे. पुरं झाल्याचा आनंद लहान वयात चाखायला मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

जुने जावा खेळ आता अँड्रॉइडवर इम्युलेटर घालून चालवता येतात. माझ्या भाचरांना मी ‘बाउन्स’ तसाच दिला. पडदा छोटा, रंग मोजके, तरी पाण्याच्या लेव्हलला त्यांचंही डोकं तेवढंच चाललं. तेव्हा खेळ जुना झाला म्हणून मुलांना नको, हे खरं नाही. त्यासाठी अट मात्र मोठ्यांनी घालून द्यायला हवी: एक फोन, जान गेली की पुढच्याची पाळी, आणि शेवट असलेला खेळ. आम्हाला ही शिस्त टंचाईमुळे मिळाली. आज ती जाणूनबुजून लावावी लागेल, आणि ती लावण्याजोगी आहे.