सातशेचे अठरा, सातशे एकचे दोनच!

नेवाशाला पैस खांबाजवळ ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. खांबाला नमस्कार करून झाला की कागद-पेन्सिल काढा. गीतेच्या आकड्यांत शाळेतलं एक गणित मस्त दडून बसलंय.

आधी झटपट उजळणी. 1 आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असले की ती मूळ संख्या. दोनाहून जास्त निघाले की संयुक्त. 1 ला विभाजकच एक, त्यामुळे तो बिचारा ना इकडचा ना तिकडचा. सप्ताहातली पंगत डोळ्यांपुढे आणा. 24 जण असले तर 2, 3, 4, 6, कितीही सारख्या ओळी धरा. 23 असले की वाढप्याची पंचाईत! एकच लांबलचक ओळ, नाहीतर कुठली तरी ओळ अपुरी.

आता गीतेच्या अध्यायांतले श्लोक मोजा. पहिल्यात 47, तिसऱ्यात 43, पाचव्यात 29, सहाव्यात पुन्हा 47. चारही मूळ. आणि सातव्यापासून अठराव्यापर्यंत? एकही नाही! 30, 28, 34, 42 करत पार शेवटच्या 78 पर्यंत सगळ्या संयुक्त. चौदाव्यातले 27 विषम म्हणून जरा भाव खातात, पण तीन नव्वे सत्तावीस म्हटलं की संपलं.

47 मूळ आहे हे कसं ठरवायचं? फक्त 2, 3 आणि 5 ने भागून बघा. साता साता एकोणपन्नास, म्हणजे 47 च्या पुढे. विभाजक जोडीनेच येतात. एक 7 किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याचा जोडीदार 7 पेक्षा लहानच असणार, आणि तो या तिघांच्या तावडीतून सुटत नाही.

खरी धमाल तेराव्या अध्यायात. काही प्रतींत सुरुवातीला अर्जुनाचा एक जादा प्रश्न असतो, म्हणून 34 चे 35 श्लोक होतात. अध्यायाला काही फरक पडत नाही: 2×17 काय नि 5×7 काय, दोन्ही संयुक्तच. पण एकूण बेरीज 700 ची 701 होते. 700 चे विभाजक लिहून काढा: 1, 2, 4, 5, 7, 10, 14, 20, 25, 28, 35, 50, 70, 100, 140, 175, 350, 700. मोजा बरं. अठरा! अध्यायही अठराच. (योगायोग आहे. प्रवचनात वापरू नका.) आणि 701? 23 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघा, एकीनेही भाग जात नाही. एक श्लोक काय वाढला, अठरा विभाजकांची संख्या दोनावर आली.

ज्ञानेश्वरीचं साल शके 1212, म्हणजे 12×101. विभाजक किती? 1, 2, 3, 4, 6, 12 आणि या सहांची 101 पट. बरोब्बर बारा! इसवी सन धरलं तर 1290. त्याला 16 विभाजक आहेत, पण मजा नाही.

खांबापासून नेवासा फाट्यावर आलात की गाड्यांच्या पाट्या वाचा. नगरची 16, श्रीरामपूरची 17, संभाजीनगरची 20, बीडची 23. मूळ कोण? श्रीरामपूर आणि बीड. एसटीची वाट बघताना पोरांना पुढचे चार आकडे द्या. शेवटी सम अंक किंवा 5 असला की विषय तिथेच संपला. 1, 3, 7, 9 असेल तरच डोकं खाजवायचं. अंकांची बेरीज तिनाच्या पाढ्यात आली तरी सुटका. त्यात एखादी 1001 ची गाडी आली की भलेभले ‘मूळ!’ म्हणून ओरडतात. तेवढ्यात एखादं चुणचुणीत पोर बोटं मोडत म्हणतं, सात गुणिले अकरा गुणिले तेरा.