आपण दिलेल्या उत्तरांचं पुढे काय होतं?

बचत गटाच्या बैठकीला कधी कधी बाहेरून एखादी ताई येते. हातात छापील अर्ज नाहीतर टॅब असतो. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप लागते का, जेवण जातं का, असं ती विचारते. आपण सांगतो, चहा होतो, ती निघून जाते. मग बायका आम्हाला विचारतात, "ताई, आपण एवढं मनातलं सांगितलं, त्याचं पुढे काय झालं?" प्रश्न रास्त आहे. आज दीपनगरहून आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

मनाच्या आजारांवर संशोधन करणारी माणसं अशी शेकडो उत्तरं गोळा करतात, त्यांचा हिशोब मांडतात आणि त्यावर शोधनिबंध लिहितात. तो छापण्याआधी त्याच विषयाचे दुसरे जाणकार तपासतात. छापून आला की जगातला दुसरा कोणी संशोधक आपल्या लेखात लिहितो, "अमक्यांनी असं दाखवलं आहे." याला उल्लेख म्हणायचं. कोणाचे किती निबंध आले आणि त्यांचे किती उल्लेख झाले, यावर संशोधकाची नोकरी, बढती आणि पुढच्या कामाचा पैसा पुष्कळदा ठरतो. जसं आपल्या गटाची वही बघून बँक कर्ज देते, तसंच.

मोजायची एक पद्धत आहे, एच निर्देशांक. हर्श नावाच्या शास्त्रज्ञाने ती 2005 मध्ये सुचवली. समजा एका बाईंनी आठ निबंध लिहिले. पहिल्याचे 40 उल्लेख झाले, दुसऱ्याचे 12, मग 6, 5, 3, 1, आणि शेवटच्या दोघांचे शून्य. आता चार निबंध असे आहेत की प्रत्येकाचे निदान चार उल्लेख आहेत. निदान पाच उल्लेख असलेले पाच निबंध मात्र नाहीत. म्हणून त्यांचा निर्देशांक 4. एकाच गाजलेल्या निबंधावर माणूस मोठा ठरू नये, हा त्यामागचा विचार.

आता आपल्या शेजारचं उदाहरण. डॉ. विक्रम पटेल हे मूळ मुंबईचे. ते मानसशास्त्रज्ञ नव्हेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत, म्हणजे औषध देणारे डॉक्टर. पण त्यांचं गाजलेलं काम आहे बोलून करायच्या उपचारांचं. 1996 मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. जगभर ज्यांच्या निबंधांचे भरपूर उल्लेख होतात, अशांमध्ये त्यांचं नाव येतं. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या जुन्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा नि सहकाऱ्यांचा एक निबंध छापला गेला. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, नैराश्याचा जोराचा त्रास असलेले जवळजवळ 500 जण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत सहा ते आठ वेळा समुपदेशन मिळालं, आणि ते करणाऱ्यांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्याच भागातली साधी माणसं, शिकवून तयार केलेली.

ते काय करायचे? मन खचलं की बाई देवळात जाणं सोडते, शेजारणीकडे बसणं सोडते, आणि जितकं सोडते तितकं मन आणखी खचतं. ही साखळी तोडायला रोज एक छोटं काम ठरवायचं, मन नसलं तरी करायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्या दर 100 जणांमागे 64 जण त्या त्रासातून बाहेर आले होते. बाकीच्या गटात 39. म्हणून त्याचे उल्लेख झाले. मोठ्या डॉक्टरची वाट न पाहता गावातच काही करता येतं, हे त्यात आकड्यांनी दिसलं.

पण उल्लेख जास्त म्हणजे काम खरं, असं धरून चालू नका. लंडनचे हान्स आयझेंक हे मानसशास्त्रज्ञ 1997 मध्ये वारले. जिवंत होते तेव्हा सगळ्यांत जास्त उल्लेख होणाऱ्या मानसशास्त्रज्ञांत त्यांची गणना होती. कॅन्सर होणं माणसाच्या स्वभावावर फार अवलंबून असतं, असं ते एका सहकाऱ्यासोबत लिहीत. तंबाखू कंपन्यांचा पैसाही त्यांना मिळाला होता. 2019 मध्ये त्यांच्याच किंग्ज कॉलेजने चौकशी करून 26 निबंध भरवशाचे नाहीत असं ठरवलं, आणि पुढे त्यांतले काही मागे घेतले गेले. मिश्री लावणाऱ्या आणि गुटखा खाणाऱ्यांच्या आपल्या मुलखात ही गोष्ट सांगायलाच हवी. आजारी बाईला "तुझ्या स्वभावानेच झालं" म्हणणारे घरात कमी नसतात.

शिवाय खूप काही या मोजदादीत येतच नाही. मराठीत लिहिलेलं तिच्यात क्वचितच धरलं जातं. घरोघर फिरून उत्तरं गोळा करणाऱ्या ताईचं नाव निबंधाच्या मथळ्याखाली सहसा नसतं. आणि बाईला झोप लागू लागली का, हे उल्लेखांच्या आकड्यात दिसत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्याचा निबंध राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये छापला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या दर 100 जणांत जेमतेम चार जणांना मदत मिळत होती, दीड वर्षाने 27 जणांना. आम्हाला विचाराल तर विदर्भातल्या त्या गावांसाठी हाच आकडा मोठा.

तर पुढच्या वेळी कोणी टॅब घेऊन आलं, की हाकलू नका आणि घाईने सहीही करू नका. माहितीचा कागद मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. कोणत्या संस्थेचं काम आहे, नाव गुप्त राहील का, निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोण सांगणार, एवढं विचारा. नको वाटलं तर अर्ध्यावर थांबायचा हक्क आहे, आणि त्यामुळे कोणतीही सेवा बंद करता येत नाही.

आणि आपल्यापैकी कोणाचं मन आजच खचलं असेल, तर निबंध छापून येईपर्यंत थांबायला नको. सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.